निर्जळी

“काकू, व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट येतात. दोनच्या खाली जाऊ द्यायचं नाही,” मनगटाला पट्टा बांधताना नर्सने बजावलं होतं. तेव्हापासून इंदुमतीबाईंच्या अंगातली वीज तारेतून भास्कररावांच्या कृत्रिम हृदयाला जात होती.

आज हरतालिका. नवऱ्याच्या आयुष्यासाठी धरलेला निर्जळी उपास. दुपारी त्या थकून भिंतीला टेकल्या. पट्ट्यावर पाच व्होल्ट आणि पाव अँपिअर दिसत होतं. गुणाकार जेमतेम सव्वा वॅट. पाचला पावने भागून पाहिलं, तर रोध वीस ओहम. सकाळी तो बारा ओहमच्या आसपास होता. सुकलेल्या अंगातून वीज पुढे सरकत नव्हती.

खाटेवर भास्कररावांना धाप लागली होती. “जन्मभर तोंडानं विरोध केलास, आता अंगानंही?” ते कसंबसं हसले. “पाणी पी गं.”

“व्रत मोडलं तर तुम्हालाच बाधेल.”

“आणि नाही मोडलंस तर?”

वाळूच्या पिंडीपुढे इंदुमतीबाईंनी हात जोडले. “आई, यांचं हृदय थांबू देणार नाही, असा शब्द दिलाय मी यांना. समजून घे,” एवढंच पुटपुटल्या आणि तारेला ओढ बसू नये म्हणून हळूहळू पावलं टाकत माठाकडे निघाल्या.