टॉवेलाखालचा सौदा

ओंकारच्या कॉम्प्युटरवर गेम इतका अडकायचा, की मित्र त्याला 'स्लाइडशो' म्हणत. नवं ग्राफिक्स कार्ड झेपणारं नव्हतं. महिनाभर व्हिडिओ पाहून त्यानं शेवटी कुसगावच्या तौसिफचं वापरलेलं कार्ड हेरलं. पैसे वडिलांच्या खिशातले, म्हणून तेही, म्हणजे बैलगाडा शर्यतींचे शौकीन हौशीराम आबा, सोबत आले.

आबांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. "वय काय ह्याचं?"

"तीन वर्षं, आबा," तौसिफ म्हणाला.

"कुटं पळालंय?"

"घरीच. फक्त गेमिंगला."

"मंग शर्यतीचा घाट बगितलाच न्हाई म्हणा की."

ओंकारला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात तौसिफचे वडील चाँदभाई घरामागच्या गोठ्यातून आले. शर्यतींतली जुनी ओळख; दोघे म्हातारे एकमेकांकडे बघून हसले. आबांनी खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला आणि बैलबाजारात ठरतो तसा टॉवेलाखाली बोटं दाबून भाव ठरू लागला.

"हौशीराम, मारतो का मला?"

"मंग आनखी एक बोट सोड."

एवढी घासाघीस चाललीय, तर उरलेल्या पैशांत हेडफोनही येईल, असा ओंकारनं हिशेब केला.

अखेर टॉवेल उचलला गेला. "झाला सौदा," आबा म्हणाले. ओंकारनं कार्ड अलगद बॅगेत घातलं.

"ते ठिव तितंच," आबा म्हणाले. "मागं गोठ्यात पांढरं खोंड हाय, त्याचं दावं सोड."