पेरूच्या फांदीची गलोल

गलोल तशी केव्हाच झाली होती. सुतारानं पेरूची दोन फाट्यांची फांदी स्वतः निवडून आणली होती, साल काढली होती, रबर बांधायला टोकांना खाचा पाडल्या होत्या. आता फक्त घासायची राहिली होती, आणि घासणं काही केल्या संपत नव्हतं.

नात शेजारी भुशाच्या पोत्यावर पालथी पडून बघत होती. खिडकीतल्या उन्हात लाकडाची पूड तरंगत होती. त्या खरखर आवाजानं दोघांनाही गुंगी आल्यासारखं झालं होतं. हिच्यानं ढग पडेल का, असं ती अर्धवट झोपेत विचारायची. छोटा असला तर पडेल, असं तो म्हणायचा. मधूनच तो गलोल तिच्या हातात द्यायचा. ती डोळे मिटून बोट फिरवायची आणि इथे अजून टोचतंय म्हणून गंभीरपणे सांगायची. टोचत काहीच नव्हतं. पण गिऱ्हाईकाचं ऐकावं लागतं, असं म्हणून तो पुन्हा पॉलिश पेपर उचलायचा, आणि त्याला इतकं बरं वाटायचं की हसू लपवायला मान खाली घालावी लागायची.

गलोल अपुरी म्हणून सासरी परत निघायचा बेत लेकीनं एकदा पुढे ढकललाच होता. अर्धवट काम दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा बापाचा शिरस्ता ती लहानपणापासून बघत आली होती. त्यापुढे तिचं काही चालत नसे. आज मात्र ती बॅगा भरूनच दारात उभी राहिली. तिनं गलोल मागून घेतली आणि दोन्ही फाटे अंगठ्यांनी हलकेच दाबून पाहिले. सुताराचीच लेक ती. लाकूड करकरलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "किती घासलीत ही? रबर ताणलं की मोडेल."

म्हातारा कानकोंडा झाला. उभ्या जन्मात त्याच्या हातून असं लाकूड वाया गेलं नव्हतं. खुर्च्या केल्या, दारं केली, कुठे सूतभर इकडचं तिकडे नाही; आणि एवढ्याशा खेळण्याची ही वाट लावली. आता पोर रिकाम्या हातानं जाणार होती. एक दिवस थांबा, नवी करून देतो, हे शब्द ओठांवर आले होते. पण बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. लेकीचे डोळे भरलेले दिसले, तेव्हा त्यानं ते शब्द गिळून टाकले.

नात पोत्यावरून उतरली, फ्रॉकला लागलेला भुसा तिनं झटकला. आता ही भोकाड पसरणार, असं दोघांनाही वाटलं. तिनं फक्त आजोबांच्या कानाशी तोंड नेलं.

"पुढच्या वेळी चांगली जाडजूड फांदी आणा," ती कुजबुजली. "म्हणजे घासायला पुष्कळ दिवस लागतील."