कोरडं दार

सोमवारी सकाळी सव्वासहाला अंबुजाच्या फोनवर गल्लीचा पाणीवापर आला. रघुपतीच्या घराचा आकडा एका आठवड्यात निम्म्यावर उतरला होता.

तिनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या या गल्लीत घरोघरी नवे मीटर बसले, तेव्हापासून अंबुजा पाणी समितीची प्रमुख होती. कोपऱ्यावरच्या फळ्यावर सगळ्यांत काटकसरी घराचं नाव हिरव्या खडूनं लिहायचं आणि सगळ्यांत उधळ्या घराचं लाल खडूनं, ही तिचीच कल्पना. हिरवं नाव आजवर तिचं. लाल नाव बहुतेक वेळा भिंतीपलीकडच्या रघुपतीचं.

मागच्या खेपेला तिनं रघुपतीऐवजी त्याच्या बायकोचंच नाव लिहिलं होतं, श्रीविद्याचं, ठळक तमिळ अक्षरांत. त्या संध्याकाळी पलीकडे मोठं भांडण झालं. नवरा आणि सासू, दोघांचे आवाज चढलेले. अंबुजानं टीव्ही बंद करून ऐकलं होतं. तिला बरं वाटलं होतं.

आणि आता हा आकडा. इतकं एकाएकी कुणी सुधारत नाही. मीटरला वळसा घालून चोरून पाइप टाकला असणार. तसं निघालं तर रघुपतीचा नळ तोडला जाईल. नाही निघालं, तर हिरव्या खडूनं त्याचं नाव लिहावं लागेल. तेही तिलाच.

ती तडक निघाली. रघुपतीच्या दारात ना सडा होता, ना रांगोळी.

"सुतक पडल्यासारखं दार कोरडं ठेवलंय," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "शेषम्मा मामी, तुमच्या घराला शोभतं का हे?"

रघुपतीची आई पदर सावरत पुढं आली. "पाणी वाचवा म्हणून फळ्यावर तूच खरडतेस ना? वाचवतोय."

"देवापुढं दिवाही नाही."

"तेलही वाचवतोय, अक्का," मागून रघुपती म्हणाला. "त्याचाही मीटर बसवणार का?"

"बायकोला बोलव. पाणी उधळायच्या सगळ्या वाटा तिलाच ठाऊक."

"माहेरी गेलीय, पापनाशमला. तिच्या आईचा पाय मोडलाय."

"म्हणून निम्मं पाणी कमी झालं? ती काय देवळातली हत्तीण होती?"

रघुपती हसला नाही. त्यानं तिला मागच्या परसात नेलं. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला जातं, आंघोळ एका बादलीत होते, कपडे एकदाच खळबळतात, असं तो दाखवत गेला. मोरीचं पाणी एका नव्या शोषखड्ड्यात सोडलं होतं. वर ओली माती आणि केळीचा कोवळा कोंब.

"कुणी खणला?"

"मीच." त्यानं तळवे पुढं केले. बँकेत कारकुनी करणाऱ्या त्या हातांवर फोड फुटलेले होते.

"गोल खणतात शोषखड्डा. हा लांबोडका कसा?"

"भिंत आड आली."

अंबुजानं मातीवर चप्पल टेकवली. "भिंत नाही, पाइप आड आला. चोरीचा पाइप याच्याखाली आहे. उकर."

"खबरदार!" शेषम्मा पायरीवरून ओरडली. ती परसात उतरली मात्र नाही. "केळ लेकुरवाळं झाड. त्याच्या मुळाला लोखंड लावशील तर तुझं वाटोळं होईल."

"म्हणजे आहेच पाइप."

"थांब अम्मा." रघुपतीचा आवाज शांत होता. "अक्का, मीटरपाशी जाऊन चावी बंद करा. हा नळ टाकीचा नाही, थेट रस्त्यावरच्या लाइनीचा. चोरून पाइप असेल तर चावी बंद करूनही पाणी येईल. आलं, तर कुदळ मीच आणून देतो."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. अंबुजानं चावी बंद केली आणि परत येऊन नळ सोडला. थोडं पाणी आलं, नळ खोकला, थांबला. ती उभी राहिली. थेंबही आला नाही.

"आणू कुदळ?" रघुपतीनं विचारलं.

"नको."

"मग बोल, चूक झाली म्हणून," शेषम्मा म्हणाली. "मोठ्यानं बोल. फळ्यावर मोठंच लिहितेस."

अंबुजा बोलली. हरलेला हिशेबही चोख ठेवायचा, हा तिचा स्वभाव. तिनं फोन काढला. रघुपती बाजूला सरकू लागला, तेव्हा तिनं त्याला दटावून खड्ड्याशेजारी उभं केलं, फोटो घेतला आणि "असा खड्डा घरोघरी हवा" असं लिहून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो गावभर आणि गावाबाहेरही फिरला. संध्याकाळी तिनं हिरव्या खडूनं रघुपतीचं नाव लिहिलं.

पुढच्या सोमवारी सकाळी सव्वासहाला पुन्हा आकडे आले. रघुपतीचा आकडा होता तिथंच होता.

अंबुजा दारात आली. पलीकडे शेषम्मानं लख्ख सडा घातला होता आणि चारी बाजूंना वेली सोडून भली मोठी रांगोळी काढली होती. आत देवापुढं दिवा दिसत होता. पहिला नंबर आल्याचा तोरा, अंबुजा मनात म्हणाली. तेवढ्यात फोन वाजला.

"अंबुजाअक्का ना? मी पापनाशमहून वरुणराव, श्रीविद्याचा थोरला भाऊ. तुमचा नंबर तुमच्या ग्रुपमधल्या एकाकडनं घेतला. खड्ड्याचा फोटो आईला दाखवला, तर ती कालपासून आमच्या परसात जागा बघत फिरतेय, बसायला तयार नाही. श्रीविद्यालाच विचारलं असतं, पण बरेच दिवस तिचा फोन लागत नाही, आणि भावजी म्हणतात ताप आलाय, झोपलीय. अक्का, एवढं कराल? जरा पलीकडं जाऊन तिच्या हातात फोन देता?"