अजून ठरलं नाही

"अहो, चहा घेतलात का?" फोनवर प्रमिला विचारत होती. तिला जाऊन वर्ष झालं होतं. पक्षानं प्रचारासाठी तिचा आवाज विकत घेतला होता आणि आता यंत्र त्या आवाजात बोलत होतं. "मग, मत किटली चिन्हालाच ना?"

"अजून ठरलं नाही गं," दिगंबरराव म्हणाले.

शेजारचे वकील मोकाशी वैतागले. "प्रचारावर पैसा ओतणं हेही भाषणस्वातंत्र्यच, असं कोर्टानं ठरवलंय. त्यांना अडवता येत नाही. पण एकदा 'हो' म्हणून टाका, फोन बंद होतील."

"म्हणूनच म्हणत नाही."

प्रचार आणि त्याबरोबर हे फोनही पाचला संपणार होते आणि पाच वाजत आले होते.

"जाहीरनामा पुन्हा सांग," दिगंबरराव फोनवर म्हणाले.

ती पहिल्यापासून सांगू लागली. ते मधूनमधून "हं" म्हणत होते. नळाच्या पाण्याच्या आश्वासनापाशी पाच वाजले आणि आवाज तुटला.

फोन कानालाच धरून ते म्हणाले, "हं, पुढे?"