मार्कांपुरती आजी

आजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं, डोकं चांगलं शाबूत होतं. त्यामुळे वृद्धाश्रमात शिकायला पाठवलेल्या नर्सिंगच्या एका पोरीला आजी महिनाभरात पुरत्या ओळखून चुकल्या होत्या. कानात हेडफोन, नजर मोबाईलवर. आजींची कूस बदलायची तीही पोतं उलटवल्यासारखी, तोंडातून चकार शब्द न काढता.

आज कॉलेजच्या मॅडम मार्क द्यायला सोबत आल्या आणि पोरीच्या तोंडून साखर सांडायला लागली. दारावर टकटक काय, पडदा ओढणं काय, विचारू नका!

"आजी, मी आता तुमची कूस बदलते हं, चालेल ना? जरा जरी दुखलं तरी लगेच सांगायचं. माझी गोड आजी ती!"

मॅडम एकदम खूश. आजींच्या कानाशी वाकून त्यांनी विचारलं, "काय आजी, कशी वाटली आमची मुलगी?"

आजींनी पोरीला नखशिखांत न्याहाळलं.

 

"फार गुणाची आहे हो! आता रोज हिलाच पाठवा. इतके दिवस येत होती ना, ती तेवढी नको."