दावणगिरीचा मुक्काम

सॅन्टन दावणगिरीत अडकला, त्याला आता तिसरा आठवडा लागला होता. तसा तो बसला होता आपल्या भुईगावातच, शेजारच्या आल्बर्टच्या केळीच्या वाडीत, पंपाच्या खोलीबाहेर बाजेवर. पण मुक्काम दावणगिरीचा.

भानगड नवसाची होती. अठ्ठ्याण्णव साली त्याच्या बायकोला, लिडियाला, अर्धांगाचा झटका आला. तोंड महिन्याभरात ताळ्यावर आलं, म्हणजे पूर्वीइतकंच चालायला लागलं. उजवा हात मात्र आला नाही. डाव्या हाताने क्रुसाची खूण करायची तिला लाज वाटे, म्हणून ती खूण करायचीच बंद झाली. ते बघवेना, तेव्हा सॅन्टन नवस बोलून बसला. हिचा हात येऊ दे, मी पार दक्षिणेत, वेलंकनीच्या मारियामातेला चालत जाईन. मग त्याच्या लक्षात आलं, चौदाशे किलोमीटर. आणि हिला टाकून जायचं कसं? शेवटी फादरांनी तोडगा काढला. रोज किनाऱ्यावर चार किलोमीटर चाल आणि नकाशावर मोज. माउली काय मैलाचे दगड तपासायला येत नाही.

भारताचा नकाशा आला. लिडियाच्या पलंगाच्या उजव्या अंगाला भिंतीवर लागला. डॉक्टर म्हणाले होते, तिला त्या बाजूला बघायची सवय राहू द्या. तिचा डावा हात काही तिथवर पोचत नसे. आठ सप्टेंबरला, मारियामातेच्या जन्मदिवशी, सॅन्टन निघाला. दर रविवारी मिस्सा आटोपली की तो टाचणी पुढे सरकवी. आठवड्याची चाल नकाशावर तांदळाच्या दाण्याएवढी भरे.

सुरुवातीचे महिने मजेत गेले. अख्खं गाव विचारी, "सॅन्टन, कुठवर?"

"लोणावळ्यात."

"मग चिक्की आण की येताना!"

कोल्हापुरात असताना तर तांबड्या रश्श्याच्या नुसत्या आठवणीने दोघाचौघांच्या तोंडाला पाणी सुटलं. कुरकुर काय ती सुनेची, बेटीची. "पप्पा, चपला बाहेर झाडा ना. रोज अर्धा समुद्र घरात आणता." पण बेळगाव मागे पडलं आणि पुढची गावं कुणाला ठाऊक नव्हती. हावेरी म्हटलं की लोक "बरं बरं" म्हणत आणि केळ्यांच्या भावाकडे वळत.

दावणगिरी म्हणजे बरोबर निम्मं. सातशे मागे, सातशे पुढे. परत फिरावं तर तेवढंच, अशी वाईट जागा. लिडियाचा हात तसाच, चादरीखाली निपचित. डॉक्टरांनी रोज शंभर वेळा दाबायला दिलेला रबरी चेंडूही हल्ली टेबलावर दिसत नव्हता. हिनेच सोडलं, तर मी एकटा कुठवर ओढू, असं सॅन्टनला वाटलं. एका सोमवारी ऊन फार होतं म्हणून तो वाडीत जरा टेकला. मंगळवारी टेकायला उन्हाची गरज पडली नाही.

टाचणी मात्र सरकत राहिली.

"आज कुठे?" लिडिया विचारी.

"चित्रदुर्ग. किल्ला मोठा आहे."

किल्ला त्याने चित्रातसुद्धा पाहिला नव्हता. त्यात बेटी भाकरी वाढता वाढता म्हणाली, "देवाची कृपा, हल्ली वाळू येत नाही घरात." सॅन्टनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी दुसऱ्या दिवशी तो वाडीतच गेला.

असे चार आठवडे निघाले आणि झावळ्यांचा रविवार आला. घरातली सगळी मिस्सेला गेली. सॅन्टन आशीर्वादाची झावळी घेऊन परतला, टाचणी सरकवायला नकाशाकडे वळला आणि थबकला. टाचणी मागे आली होती. थेट दावणगिरीत.

"टाचणी कुणी हलवली?" तो सुनेवर खेकसला.

"मी तुमच्याबरोबरच होते ना पप्पा, चर्चला."

"मी हलवली," पलंगावरून लिडिया म्हणाली. "महिना झाला, तुमच्या चपलांना वाळूचा कण नाही. तुम्ही दावणगिरीतून हललातच नाही."

सॅन्टनने तोंड उघडलं. गुडघा, ऊन, आल्बर्टचा बिघडलेला पंप, सगळं जिभेवर तयार होतं. मग त्याची नजर टाचणीवर गेली. तिथून लिडियाच्या डाव्या हाताकडे, जो तिथवर पोचतच नव्हता.

"लिडिया, कुठल्या हाताने?"

तिने चादर सारली. उजव्या मुठीत रबरी चेंडू होता, दाबून दाबून रंग उडालेला. एकेक बोट उघडलं, चेंडू घरंगळत पायथ्याशी गेला. मग तोच हात थरथरत कपाळाशी गेला, छातीवर आला, डाव्या खांद्याला लागला, उजव्या खांद्याला लागला. चांगलं मिनिटभर चाललं ते. 

सॅन्टन झावळी हातात घेऊन ढसाढसा रडला. "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगितलंत?" लिडिया म्हणाली. "जानेवारीत मी तो चेंडू फेकणारच होते. रोज शंभर वेळा दाबायचा आणि बोट हलायचं नाव नाही. पण तुम्ही आपले वाळूचे पाय घेऊन घरात यायचात. म्हटलं, हा माणूस चालतोय तोवर आपणही चालू. चादरीखाली. वेलंकनीला पोचलात की दाखवायचं, असं ठरवलं होतं."

सॅन्टनने डोळे पुसले. "हात आला ना गं. आता कशाला चालायचं?"

"चपला घाला," लिडिया म्हणाली. "मी केव्हाची चित्रदुर्गात येऊन थांबलेय. एकटीच."