साहेबासाठी गाऱ्हाणं

“नाही पटणार तुला ही गोष्ट, अपूर्वा. आजवर कोणाला पटलेली नाही. माझ्या बायकोलासुद्धा नाही, आणि ती तर तिथेच उभी होती!”

एवढं बोलून जयवंतकाकांनी रिकामा क्रेट पालथा घातला आणि त्यावर बैठक मारली. अपूर्वा हसली. दुभाषी म्हणून तिला आजच्या दिवसापुरतं बोलावलं होतं, पण दुभाषीपणा करायला कोणी बोलतच नव्हतं.

विक्रोळीच्या त्या आंब्याच्या शेडमध्ये, लांब स्टीलच्या टेबलाच्या पलीकडच्या टोकाला साहेब आंबे कापत होते. पांढरा कोट, टोपी, मास्क. अपूर्वा सकाळी आली तेव्हा ते कामाला लागलेही होते. तिने गुड मॉर्निंग केलं, त्यांनी सुरी उचलून दाखवली. झालं. आंबा घ्यायचा, दोन गाल उतरवायचे, गर उजेडात धरायचा, बाजूला ठेवायचा, पुढचा घ्यायचा.

“हळू बोला, काका. ऐकतायत ते.”

“ऐकू दे. त्याला कुठे मराठी कळतंय!”

शेडमधल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांची मुकादम जानकी, म्हणजे जयवंतकाकांची बायको, पदराचं टोक चघळत होती. साहेबांच्या देशाशी नवा करार झाला होता. त्यांचे बदाम इकडे, आपला हापूस तिकडे. पण त्यांच्या साहेबाने इथे येऊन फळ कापून बघायचं आणि होकार द्यायचा, मगच पेटी विमानात. एका आंब्यात जरी फळमाशीची जिवंत अळी सापडली तर शेडला कुलूप. मालकाने बिल्डरला जागेचा शब्द देऊन ठेवलाच होता. मग या बायकांनी जायचं कुठे?

“तर फार वर्षांपूर्वीही असाच करार झालेला,” काका म्हणाले. “असाच साहेब. उंच, अबोल. संध्याकाळपर्यंत कापत बसला. आणि एका आंब्यात त्याला काहीतरी काळं दिसलं.”

“अळी?”

“डाग गं! साधा डाग. पण याने सुरी ठेवली, बॅग उचलली आणि निघाला. ना हो, ना नाही. मालकाची वाट लागली. मी धावत मागे गेलो.”

“साहेबाच्या?”

“छे! खाडीकडच्या उंबराखाली. आमच्या जागेचा राखणदार देव आहे तिथे. गावाकडे पहिला आंबा त्याचा असतो. इथे त्या वर्षी पेट्या मोजून सील केलेल्या, त्याला द्यायला एक फळ मिळालं नाही. तसाच रिकाम्या हाताने उभा राहिलो आणि हात जोडून त्याला गाऱ्हाणं घातलं. ‘ह्या सायबाचा समाधान होयसर तेचो पाय हयसून हलाक नको, असा कर रे म्हाराजा!’ मागून सगळ्या बायका ओरडल्या, व्हय म्हाराजा!”

“समाधान होईपर्यंत पाय इथून हलायचा नाही?” अपूर्वाने भुवया उंचावल्या. “अहो, सरळ ‘माल पास कर’ असंच मागायचं ना!”

“घाईत तोंडातून गेलं ते गेलं. परत घेता येतं होय?”

“मग?”

“मग काय! साहेब दारात, एक पाय बाहेर, एक आत. आतला पाय उचलेना! आम्ही सहा जणांनी ओढला. खडकावरचं कालव निघेल एक वेळ, पण हा नाही. बूट काढला, तरी मोजा चिकटलेला!”

अपूर्वा खळखळून हसली. जानकीने मात्र काकांकडे असं पाहिलं की तिचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

“पुरे झाला तुमचा,” जानकी म्हणाली.

“पोरगी ऐकतेय ना, ऐकू दे. शेवटी तो वळला. आत फिरायला पाय सुटे होते बरं का! मुकाट्याने टेबलाशी आला आणि पुन्हा कापायला लागला.”

“आणि माल पास झाला?”

काकांनी बुडाखालचा क्रेट सावरला. शेडभर पिकल्या हापूसचा वास दाटला होता. साहेबांसमोर कापलेल्या गराचा ढीग साचला होता, पण त्यावर मुंगीसुद्धा फिरकत नव्हती. फवारणी केली असेल, असं अपूर्वाला वाटलं.

“झाला की,” काका म्हणाले. “झकास झाला.”

“मग त्यानंतर इथून एक पेटीही परदेशी गेली नाही, असं मालक सकाळी सांगत होते ते?”

“राजकारण गं. वरचं राजकारण.”

“आणि आज घातलंत का गाऱ्हाणं?”

“नाही बा!” काका एकदम म्हणाले. “आज तोंड बंद.”

“तो साहेब शेवटी गेला कसा, ते सांगा ना. सुटला कसा?”

“सुटला म्हणजे, खूश झाला. मला मिठी मारली. दोन डझन हापूस बांधून दिला, गाडीत घातला आणि मी स्वतः विमानतळावर सोडला त्याला. काचेच्या दारातून हात हलवत गेला. आजही दिसतो मला.”

अपूर्वाचा फोन वाजला. साहेबांना आणायला गेलेला ड्रायव्हर बाळा होता. विमानतळावरच्या गोंगाटात त्याचं ऐकू येईना म्हणून तिने स्पीकर लावला.

“ताई, विमान लेट होतं. साहेब आत्ता बाहेर आले, माझ्या बाजूलाच उभे आहेत. तासाभरात पोचतो.”

टेबलावरची सुरी थांबली.

अपूर्वाने सावकाश मान वळवली. भिंतीकडे बसलेल्या बायकांपैकी एकीनेही त्या टोकाकडे पाहिलं नाही. जयवंतकाका तर तिकडे पाठ करूनच बसले होते. पहिल्यापासून.

मास्कच्या आतून आवाज आला. थकलेला, घोगरा, आणि वर्षानुवर्षं इथलंच ऐकून अस्सल मालवणी झालेला.

“खोटा बोलतंस, जयवंता. तू माका सोडलंस खय?”